मिलच्या तोंडाशी लोहचुंबक

सभासद बंधूंनो, गळीत हंगामात अर्धापूर भागातल्या फडांतून मोळीबरोबर कधी मोडका कोयता, तर कधी ट्रॉलीचा बोल्ट गव्हाणीत येऊन पडतो. तो मिलमध्ये गेला तर रोलरचे दात मोडतात, गाळप थांबते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून आपलेच वजन घटते. म्हणून साखर कारखान्यांत मिलकडे जाणाऱ्या उसावर मोठा लोहचुंबक बसवितात.

चुंबक लोखंडाला का ओढतो? लोखंडात जणू असंख्य बारीक चुंबक असतात. एरवी त्यांची तोंडे बाजारातल्या गर्दीसारखी चहूकडे असतात. मोठा चुंबक जवळ आला, की ती एका दिशेला वळतात. लोखंड स्वतःच चुंबक बनते आणि ओढले जाते.

लोखंडाभोवती तारेचे वेटोळे घालून त्यातून वीज सोडली की विद्युतचुंबक तयार होतो. इंग्लंडात विल्यम स्टर्जन यांनी १८२५ साली तो करून दाखविला. वीज बंद केली की पकडलेले लोखंड खाली गळते.

परंतु सगळा भार चुंबकावर टाकून चालणार नाही. दगड आणि पितळ तो ओढत नाही. शिवाय अंतर वाढले की त्याची ओढ झपाट्याने कमी होते. उसाच्या जाड थराखाली दडलेला तुकडा निसटू शकतो. तेव्हा आमची विनंती एवढीच, की गाडी फडातून हलण्यापूर्वी टोळीचे कोयते मोजून घ्यावेत आणि मोळीत दगड जाऊ देऊ नये.