सतारीचा 'दा' आणि 'रा' : आघाताची दिशा का सांभाळावी?

जालना : सतारीचा वर्ग जालन्यात भरो वा मुंबईत, पहिला धडा उजव्या हाताचा असतो. तर्जनीत नखी घालून तारेवर आत, तळहाताकडे केलेला आघात म्हणजे 'दा'. बाहेर नेलेला आघात म्हणजे 'रा'. शास्त्रात त्यांना अनुक्रमे आकर्ष व अपकर्ष प्रहार म्हणतात. दोन्ही एका मात्रेत वाजविले की 'दिर' होतो.

'दा' हा अधिक वजनदार आघात आहे. मसीतखानी गतीचे बोल पाहा : दिर दा दिर दा रा, दा दा रा. त्रितालाच्या १२ व्या मात्रेपासून ही गत सुरू होते आणि पाच मात्रांनंतर सम येते ती 'दा'वरच. समेनंतर लगेच दुसरा 'दा' असल्याने हात तारेला न लावता परत आणावा लागतो. नवशिका नेमका येथे सवयीने 'रा' वाजवितो. विलंबित लयीत ही चूक खपून जाते. द्रुत लयीत मात्र वजन भलत्याच मात्रेवर पडते आणि गत विस्कटते.

अमेरिकेतील ब्लूग्रास गिटारवादनातही हेच तत्त्व आहे. तेथे मात्रेवरचा आघात खाली आणि अर्ध्या मात्रेवरचा वर. मधला सूर गाळला तरी हात फिरताच राहतो.

उपाय साधा आहे. आधी हाताने ताल देत बोल म्हणावेत, मग डावा हात बाजूला ठेवून केवळ बाजाच्या मोकळ्या तारेवर ते संथपणे वाजवावेत. दिशा पक्की झाल्यावरच लय वाढवावी; एकदा मुरलेली चुकीची सवय मोडणे फार कठीण जाते.