बर्न्स सपर

बर्न्स सपर हे स्कॉटलंडचे राष्ट्रकवी मानले जाणारे रॉबर्ट बर्न्स (२५ जानेवारी १७५९ – २१ जुलै १७९६) यांच्या स्मरणार्थ त्यांच्या जन्मदिनी किंवा त्याच्या आगेमागे होणारे रात्रीचे सहभोजन होय. स्कॉटलंडबाहेर स्थायिक झालेल्या स्कॉटिश मंडळींमध्ये या भोजनाला जोडून धर्मादाय कार्यासाठी निधी गोळा करण्याचा प्रघात आहे.

इतिहास

शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले बर्न्स शेतीत अपयशी ठरल्याने १७८६ साली जमैकाला जाण्याच्या बेतात होते. तेथील मळ्यावर, म्हणजे गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या व्यवसायात, त्यांना हिशेबनिसाची नोकरी मिळायची होती. त्याच वर्षी किल्मार्नक येथे छापलेल्या ६१२ प्रतींच्या काव्यसंग्रहाने त्यांना कीर्ती दिली आणि तो बेत रद्द झाला. पुढे ते अबकारी खात्यात नोकरीला लागले. वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी डम्फ्रीज येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा अंत्यविधी चालू असलेल्या दिवशीच त्यांची पत्नी जीन आर्मर यांना मुलगा झाला. निराधार झालेल्या कुटुंबासाठी मित्रांनी वर्गणी जमवली. डॉ. जेम्स करी यांनी १८०० साली संपादित केलेल्या बर्न्स यांच्या समग्र साहित्याचे उत्पन्नही कुटुंबालाच मिळाले. कवीचे स्मरण आणि गरजूंना मदत या दोन गोष्टी अशा रीतीने प्रथमपासूनच एकत्र आल्या.

२१ जुलै १८०१ रोजी, म्हणजे पाचव्या स्मृतिदिनी, ॲलोवे येथील कवीच्या जन्मघरी नऊ जणांनी एकत्र जेवण केले. हेच पहिले बर्न्स सपर होय. पुढे पुण्यतिथीऐवजी जयंतीला हे भोजन होऊ लागले. ग्रीनॉक येथील मंडळाने मात्र आरंभी २९ जानेवारी हीच जन्मतारीख धरली होती. चर्चच्या दप्तरात खरी नोंद सापडल्यावर २५ जानेवारी निश्चित झाली. जयंतीच्या तारखेचा घोळ मराठी वाचकास अपरिचित नाही.

भोजनाचे स्वरूप

पाहुणे जमल्यावर बॅगपाइप वाजवून त्यांचे स्वागत होते व ‘सेलकर्क ग्रेस’ ही छोटी प्रार्थना म्हटली जाते. सूप झाल्यावर मुख्य पदार्थ ‘हॅगिस’ येतो. ताट घेतलेला आचारी पाइपवादकामागून येत असता सर्व जण उभे राहतात. बर्न्स यांची ‘ॲड्रेस टू अ हॅगिस’ ही कविता म्हणताना ठरावीक ओळीला सुरीने हॅगिस चिरले जाते आणि व्हिस्कीचे पेले उंचावले जातात.

हॅगिस म्हणजे मेंढीचे काळीज, हृदय व फुप्फुस बारीक करून, ओटचे भरड पीठ, कांदा, चरबी आणि मसाला घालून, मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवलेला पदार्थ. गरिबाघरी जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ नये, ही त्यामागची निकड. ज्यांनी वजडी खाल्ली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सोबत कुस्करलेले बटाटे व सलगमासारखा पिवळट कंद असतो. अमेरिकेत फुप्फुस अन्नात वापरण्यास १९७१ पासून बंदी असल्याने तेथील स्कॉटिश मंडळींना हॅगिस त्याशिवायच बनवावे लागते. स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या १९८४ मधील उद्घाटनासाठी शाकाहारी हॅगिसही तयार झाले. कडधान्ये आणि भाज्यांचे हे रूप आता सर्रास आढळते.

जेवणानंतर ‘इम्मॉर्टल मेमरी’ हे बर्न्सविषयीचे मुख्य भाषण होते. तेच चांगले झाले नाही तर बाकीचा थाट फिका पडतो. अलीकडे काही वक्ते जमैकाच्या प्रसंगाचाही उल्लेख टाळत नाहीत. मग स्त्रियांना उद्देशून पुरुषाचे विनोदी भाषण आणि त्यावर स्त्रीचे तितकेच खोचक उत्तर होते. शेवटी हात गुंफून ‘ऑल्ड लँग साइन’ गायले जाते.

परदेशातील परंपरा व भारत

परमुलखात अडचणीत सापडलेल्या देशबांधवांना मदत करण्याची स्कॉटिश लोकांची रीत बर्न्सपेक्षा जुनी आहे. बोस्टन येथील ‘स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी’ १६५७ साली स्थापन झाली. ३० नोव्हेंबरच्या सेंट अँड्र्यू दिनाचे भोजन आणि बर्न्स सपर ही अशा संस्थांच्या निधिसंकलनाची दोन ठळक निमित्ते ठरली. तिकीट, सोडत व वस्तूंचा लिलाव यांतून पैसा उभा राहतो.

भारतात १८१२ साली कोलकाता येथे लष्करी अधिकाऱ्यांनी बर्न्स सपर साजरे केल्याची नोंद आहे. सामान्यांच्या समतेचा पुरस्कार करणाऱ्या कवीचे स्मरण राज्यकर्त्यांच्या मेजवानीत व्हावे, ही विसंगती लक्षात येण्याजोगी आहे. मुंबईतही स्कॉटिश वस्ती जुनी. फोर्ब्स ही व्यापारी पेढी १७६७ सालची, फोर्टमधील सेंट अँड्र्यूज चर्च १८१९चे. धर्मोपदेशक जॉन विल्सन यांनी १८३२ साली शिक्षणसंस्था काढली. तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. अनाथ मुलींसाठी १८४७ साली निघालेल्या संस्थेतून माहीमची बॉम्बे स्कॉटिश शाळा उभी राहिली.

बर्न्स यांची गाणी भारतीय संगीतातही रुजली. रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘पुरानो सेई दिनेर कथा’ हे गीत ‘ऑल्ड लँग साइन’च्या चालीवर रचलेले आहे, तर ‘फुले फुले ढोले ढोले’ या गीताची चाल ‘ये बँक्स अँड ब्रेज’वरून घेतली आहे.