नॉटिंगहॅमच्या कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्यात

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलच्या गर्दीत ऐकताना अर्धं निसटलं असेल, किंवा ऑफिसमध्ये इअरफोन घालता येत नसतील, तर निवांत वाचा. बोलताना माझे जे 'अं' आणि 'म्हणजे ना' होतात, ते काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय आहे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातलं नॅशनल जस्टिस म्युझियम. 1995 मध्ये ते 'गॅलरीज ऑफ जस्टिस' या नावाने सुरू झालं आणि 2017 मध्ये त्याचं नाव बदललं. गुन्हा आणि शिक्षा यांचं म्युझियम म्हटलं की आपल्या डोक्यात काचेच्या कपाटातल्या बेड्या येतात. त्या इथेही आहेत. पण इथली खरी गंमत म्हणजे त्या काळातले कपडे घातलेले नट. ते तुम्हाला गाइडसारखी माहिती देत नाहीत. ते तुमच्यावर ओरडतात, तुम्हाला कैदी म्हणून नंबर देतात आणि तुमच्यावर चक्क खटला चालवतात.

आधी जागेबद्दल सांगते, कारण जागा खरी आहे आणि त्यावरच सगळा खेळ उभा आहे. हा सेट नाही. हाय पेव्हमेंट नावाच्या रस्त्यावरचा हा शायर हॉल, म्हणजे काउंटीचं कोर्ट, आणि त्याच्या पोटात तुरुंग. इथे कोर्ट भरत असल्याच्या नोंदी चौदाव्या शतकापासूनच्या आहेत. आज दिसते ती इमारत जेम्स गँडन या आर्किटेक्टची, 1770 च्या आसपासची. तुरुंग 1878 मध्ये बंद झाला, पण कोर्ट चालू होतं अगदी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाबा कॉलेजात होते तेव्हा इथे खरे न्यायाधीश खरी शिक्षा सुनावत होते.

अजून एक मजा. 1449 मध्ये नॉटिंगहॅम शहराला स्वतंत्र काउंटीचा दर्जा मिळाला. पण हा हॉल आणि तुरुंग त्यातून वगळला गेला. म्हणजे शहराच्या मधोमध असूनही ही जागा शहराची नाही, बाहेरच्या काउंटीची. शेजारचा रस्ता एकाच्या हद्दीत आणि कोर्टाची पायरी दुसऱ्याच्या!

आणि दारावरचं कोरीवकाम बघायला विसरू नका. तुरुंगाच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधी 'ए' आणि मग 'ओ' येतो. कारागिराने ते उलटं कोरलं. त्यामुळे 'काउंटी जेल'च्या जागी 'काउंटी गोल' झालं. मग दगडावरच दुरुस्ती केली, ती अजून दिसते. प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग आणि त्यावरचा हॉटफिक्स, दोन्ही दगडात. आमच्या टीमला मी तो फोटो पाठवला होता.

आता नटांकडे येऊ. म्युझियममध्ये नट वापरायच्या ढोबळमानाने दोन पद्धती असतात. एकीत माणूस जुन्या वेशात असतो, पण बोलतो आजचा माणूस म्हणून: "त्या काळी कैद्यांना असं वागवायचे." दुसरीत तो भूमिकेतून बाहेरच येत नाही. तुम्ही विचारलंत "टॉयलेट कुठे आहे?" तरी तो जेलर म्हणूनच उत्तर देणार. दुसरी पद्धत जास्त अवघड. समोरचा प्रेक्षक काय बोलेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे पाठ केलेल्या संवादावर भागत नाही. नटाला त्या काळाचे कायदे, पगार, धान्याचे भाव, सगळं डोक्यात ठेवून जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे वगातला सोंगाड्या समोरच्या प्रेक्षकाला ओढून घेऊन बोलतो ना, तीच जात. फक्त इथे हसू कमी आणि दम जास्त.

या कोर्टात पाहुण्यांनाच भूमिका देतात. कुणी साक्षीदार, कुणी वकील, काही जण ज्युरी, आणि एक बिचारा आरोपीच्या पिंजऱ्यात. हातात संवादांचा कागद. वर विग घातलेला न्यायाधीश. कोर्टरूम व्हिक्टोरियन काळातली, लाकडी आणि चढत्या बाकांची, आणि आरोपीचा पिंजरा बरोबर सगळ्यांच्या नजरेत येईल असा. पिंजऱ्यातून खाली कोठडीकडे जायला जिना आहे.

इथे मराठी माणसाला एकच नाटक आठवणार. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', 1967 मध्ये रंगमंचावर आलेलं. त्यातही नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, आणि बघता बघता खेळ बेणारे बाईंच्या अंगावर येतो. नॉटिंगहॅममध्ये तितकं काही होत नाही, पर्यटक हसत असतात. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला जे हसू येतं, ते तिसऱ्या मिनिटाला जरा आखडतं. कारण सगळे तुमच्याबद्दल बोलत असतात आणि तुम्हाला फारसं कुणी विचारत नाही.

आणि ते अगदी बरोबर आहे! खरोखर तसंच होतं. 1836 पर्यंत इंग्लंडमध्ये मोठ्या गुन्ह्याच्या आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषण करून त्याची बाजू मांडायची परवानगी नव्हती. तो फार तर साक्षीदारांना प्रश्न विचारायचा. आणि आरोपीने स्वतः शपथेवर साक्ष देणं? ते सर्वसाधारणपणे शक्य झालं 1898 च्या कायद्यानंतर. बरेच खटले काही मिनिटांत उरकायचे. म्हणजे पर्यटकांसाठी रचलेला हा खोटा खटला कित्येक खऱ्या खटल्यांपेक्षा जास्त वेळ चालतो. विग, घोषणा, आरडाओरडा यांपेक्षा मला ही गोष्ट जास्त लागली.

आता शिक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. या कायद्यांच्या ढिगाला नंतर 'ब्लडी कोड' म्हणायला लागले. दुकानातून 5 शिलिंगांचा माल उचलला, फाशी. राहत्या घरातून 40 शिलिंगांची चोरी, फाशी. 20 शिलिंग म्हणजे एक पौंड, तर हा सगळा हिशेब दोन पौंडांचा.

मग सगळ्यांना खरंच लटकवायचे का? नाही. आणि का नाही, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात भारी भाग आहे. ज्युरीत बसलेले लोक आरोपीला दोषी ठरवायचे, पण मालाची किंमत मुद्दाम 39 शिलिंग लावायचे. मालक काहीही सांगो. एक शिलिंग कमी, म्हणजे मर्यादेच्या खाली, म्हणजे फाशी नाही! आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळतं. सिस्टिममधली अट बदलता येत नसेल तर इनपुट बदला. कायदा संसदेचा, पण किंमत ठरवणं ज्युरीच्या हातात. धडधडीत खोटं बोलून बारा जण एक जीव वाचवायचे.

याचा परिणाम मात्र मजेशीर झाला. शिक्षा इतकी भयंकर की ज्युरी दोषी ठरवायलाच बिचकायला लागली, आणि गुन्हेगार सुटायला लागले. 1830 मध्ये तर बँकवाल्यांनीच संसदेकडे अर्ज केला की खोट्या सह्या आणि बनावट कागदपत्रांसाठीची फाशी काढा. दया आली म्हणून नाही. फाशीमुळे त्यांचं संरक्षण होत नव्हतं म्हणून.

नॉटिंगहॅमचा यात खास वाटा आहे. 1811 पासून या भागातले कारागीर मोजे विणायचे माग रात्री फोडायला लागले. हेच ते लडाईट. आज ऑफिसमध्ये कुणी एआयला नावं ठेवली की त्याला जो शब्द चिकटवतात, तो इथला. सरकारने 1812 मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा आणली. त्या विधेयकाविरुद्ध लॉर्ड्सच्या सभागृहात 27 फेब्रुवारी 1812 रोजी एक तरुण उभा राहिला, त्याचं ते पहिलंच भाषण. तो म्हणजे कवी बायरन, याच परगण्यातल्या न्यूस्टेड ॲबीचा मालक. भुकेल्या माणसाला फासावर चढवायला राजी होतील असे ज्युरर आणणार कुठून, असा त्याचा रोख होता. विधेयक तरीही पास झालं.

पण ज्युरी म्हणजे दया, असं समीकरण डोक्यात पक्कं व्हायच्या आत आपल्याकडे या. 22 जुलै 1908, मुंबई हायकोर्ट. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. शिक्षा सहा वर्षं 'ट्रान्सपोर्टेशन', म्हणजे हद्दपारी, आणि रवानगी मंडालेला. पद्धत तीच इंग्लंडहून आणलेली, विग तेच, ज्युरीही तीच. पण नॉटिंगहॅमच्या ज्युरीत बसलेला माणूस आरोपीच्याच भागातला असायचा, त्याची भाषा बोलणारा. मुंबईत टिळक ज्या मराठी लेखांसाठी उभे होते, ते ज्युरीतल्या बहुतेकांनी भाषांतरातून वाचले. 39 शिलिंगवाली पळवाट काढायला समोरचा माणूस आपला वाटावा लागतो. ज्या कोर्टरूममध्ये हा खटला झाला, तिच्या बाहेर टिळकांच्या उद्गारांची पाटी आहे. मुंबईत असाल तर आधी ती बघा.

'ट्रान्सपोर्टेशन' हा शब्द नॉटिंगहॅमच्या म्युझियममध्ये पावलोपावली भेटतो. फाशीतून वाचलेल्यांना आधी अमेरिकेत पाठवायचे. अमेरिका हातची गेली, मग ऑस्ट्रेलिया. 1788 ते 1868 या काळात सुमारे 1,62,000 कैदी तिकडे गेले. आणि 1858 पासून आपल्यासाठी अंदमान, काळं पाणी. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ही शिक्षा होती आणि ती कायद्यातून गेली स्वातंत्र्यानंतर, 1955 च्या दुरुस्तीने. तिच्या जागी जन्मठेप आली.

आता खाली उतरू. नॉटिंगहॅम शहर मऊ वाळूच्या खडकावर बसलंय, त्यामुळे तुरुंगाचा खालचा भाग सरळ खडकात खोदलेला आहे. वरच्या कोर्टाचं लाकूड आणि झुंबर संपून अंधार आणि ओल सुरू होते. इथला जेलर, म्हणजे नट, आल्या आल्या पैशांबद्दल बोलायला लागतो, आणि ते ऐकून लोक हसतात. पण त्यात अतिशयोक्ती नाही. अठराव्या शतकात कित्येक जेलरना पगार नसायचा, त्यांची कमाई कैद्यांकडूनच. अंथरूण हवं, पैसे. बेड्या हलक्या हव्यात, पैसे. सगळ्यात कहर म्हणजे निर्दोष सुटलात तरी बाहेर पडायची फी! ती नसेल तर आतच बसा. जॉन हॉवर्ड नावाचा गृहस्थ 1773 मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला, त्याने हे पाहिलं आणि देशभरातले तुरुंग फिरून 1777 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तुरुंग सुधारणेची चळवळ तिथून जोर धरते.

सुधारणा म्हणजे सगळं छान झालं असं मात्र नाही. घाण गेली आणि एकांत आला. 1842 मध्ये लंडनचा पेंटनव्हिल तुरुंग उघडला. तिथे प्रत्येक कैदी वेगळ्या कोठडीत, एकमेकांशी बोलायचं नाही, चेहराही दिसू द्यायचा नाही. त्याआधी 1818 च्या सुमारास पायचाक आलं होतं: न संपणारा जिना, तासन्‌तास चढत राहायचं. अंदमानची सेल्युलर जेल 1906 मध्ये पूर्ण झाली, तिच्या नावातच 'सेल' आहे, एकेकट्या कोठड्या. आणि तिथला कोलू. ही दोन्ही एकाच घराण्यातली भावंडं.

आता थोडी टीका. दुःखाचा असा खेळ करावा का? नट ओरडतो, मुलं किंचाळतात, मग खाली कॅफेत केक. मला हा प्रश्न 1844 च्या एका घटनेपाशी जास्त टोचला. त्या वर्षी 7 ऑगस्टला याच इमारतीच्या दारात विल्यम सॅव्हिल नावाच्या माणसाला जाहीर फाशी दिली. बायको आणि तीन मुलांच्या खुनासाठी. बघायला इतकी गर्दी लोटली की फाशीनंतर अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि किमान बारा बघे मेले. जाहीर फाशी बंद व्हायला त्यानंतरही चोवीस वर्षं लागली, 1868 पर्यंत.

म्हणजे इथे 'शो' नवा नाहीच, शिक्षाच मुळात शो होती. त्यामुळे नट ठेवले याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती फक्त भीतीवर थांबण्याला. जेव्हा नट 39 शिलिंगांचा हिशेब सांगतो, तेव्हा तो शिकवतो. जेव्हा तो नुसता 'लटकवा याला!' ओरडतो, तेव्हा ते जत्रेतलं भुताचं घर होतं. दोन्ही प्रकार तुम्हाला एकाच फेरीत भेटतील.

आणि नट नसलेल्या जागा घाईत सोडू नका. कैद्यांना फिरवायचं ते मोकळं अंगण आहे, त्याच्या विटांवर कैद्यांनी स्वतः कोरलेली नावं आहेत. तिथे कुणी ओरडत नाही. म्युझियमच्या संग्रहात ऑस्कर वाइल्डच्या रेडिंग तुरुंगातल्या कोठडीचं दारही आहे.

जायचं असेल तर लेस मार्केटच्या ट्राम स्टॉपवरून चालत काही मिनिटं. नट रोज सगळीकडे असतातच असं नाही, तर तिकीट काढायच्या आधी वेबसाइटवर त्या दिवसाचे कार्यक्रम बघून घ्या. एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर पुण्यात येरवडा आहे. 26 जानेवारी 2021 ला महाराष्ट्राने जेल पर्यटन सुरू केलं ते तिथूनच. फरक एवढाच की येरवडा अजून चालू तुरुंग आहे. तिथे कैद्याच्या वेशात जो दिसेल, तो नट नसेल.