स्त्रीची अटक आणि सूर्यास्ताची मर्यादा

मालवण किनाऱ्यावर घरची पुरुषमंडळी रात्री मासेमारीस गेलेली असताना पोलीस दारी आले आणि घरातील स्त्रीस 'ठाण्यावर चला' म्हणाले, तर कायदा काय सांगतो?

ह्या प्रश्नाशी एका ख्रिस्ती संस्थेचे नाव जोडलेले आहे. पोलीस कोठडीतील एका मृत्यूवरून ख्रिश्चन कम्युनिटी वेल्फेअर कौन्सिल ऑफ इंडिया मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली. सूर्यास्त ते सूर्योदय कोणत्याही स्त्रीस अटक करू नये, असा आदेश मिळाला. शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तो सैल केला. अधिकाऱ्याने कारणे नोंदवून अटक करावी, असे ठरले. ही वाट आम्हांस फारच रुंद वाटते.

संसदेने २००५ च्या दुरुस्तीने ती अरुंद केली. तोच नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे : रात्रीची अटक केवळ अपवादात्मक परिस्थितीत, आणि तीही महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्यावरच.

घराच्या झडतीस मात्र हे वेळेचे बंधन नाही. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावयाची असते. आणि केवळ साक्षीदार म्हणून चौकशी असेल, तर कलम १७९ नुसार स्त्रीस ठाण्यावर येण्यास भाग पाडता येत नाही; पोलिसांनीच तिच्या राहत्या घरी यावयाचे असते.