विहीर नासली तर ट्रंकेतले जुने कागद काढा



साखर कारखान्यांनी आपल्या सोलापूर जिल्ह्याला पैसा दाखवला, हे खरे आहे. पण ज्यांची विहीर कारखान्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी आहे, त्यांना आणखीही काही ठाऊक असते. एखाद्या सकाळी मोटर चालू करावी, आणि पाटाला तांबूस, फेसाळ, मळीच्या वासाचे पाणी यावे!

काही वर्षांपूर्वी अशाच एका विहिरीवर मला बोलावणे आले. दोन एकर डाळिंब, पाने करपलेली, आणि जनावरे हौदाला तोंड लावीनात. मी विचारले, "अण्णा, पाणी कधीपासून असे येते?"

"लई दिस झाले साहेब. थोरलीच्या लग्नाआधीपासून."

लग्नाला सहा वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात कारखान्याचे मालक बदलले. नवे मालक म्हणत, "हे आमच्या आधीचे आहे." जुने मालक भेटत नव्हते. तक्रारीचा एकही तारखेचा कागद अण्णांकडे नव्हता. शेवटी बाग तोडावी लागली. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे ही गोष्ट सांगतो.

मालक जातो, विमा राहतो

कारखाना बंद पडला, विकला गेला, तरी भरपाई मागायला एक दार उरू शकते. ते म्हणजे नुकसान झाले त्या वर्षी कारखान्याने घेतलेला विमा. अमेरिकेत १९८० साली विषारी जागा साफ करण्याचा खर्च दोषी कंपन्यांकडून वसूल करणारा कायदा झाला. तेव्हा कंपन्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पॉलिसी कपाटांतून शोधून काढल्या. साधारण १९८६ पासून तिथल्या विमा कंपन्यांनी प्रदूषणाची जोखीम नेहमीच्या पॉलिसीतून वगळली. म्हणून त्याआधीच्या कागदांना सोन्याचे मोल आले. पॉलिसी जुनी होती, पण नुकसान त्या वर्षातले होते, म्हणून दावा उभा राहिला. असे कागद हुडकून देणे हा तिथे एक धंदाच झाला आहे.

आपल्याकडे १९७३ च्या आरंभी शंभरावर सर्वसाधारण विमा कंपन्या सरकारने चार कंपन्यांत विलीन केल्या. जुन्या कंपनीचे नाव पुसले गेले, पण तिचा कारभार त्या चौघींकडे आला. पॉलिसीवरचे नाव आज ऐकू येत नाही म्हणून कागद फेकून देऊ नये.

निकाल मिळूनही पैसा कसा अडतो, हे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाने भोगले. रंगाला लागणारे रसायन तिथे १९८७-८८ च्या सुमारास तयार होऊ लागले आणि त्याचा गाळ उघड्यावर पडला. विहिरींचे पाणी जनावरांनाही चालेना. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरावी असा निकाल दिला. पण कंपन्या टाळत राहिल्या. २०११ साली न्यायालयाला पुन्हा ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम व्याजासह भरण्याचा हुकूम करावा लागला. निकाल हाती होता, पण पैसा मिळवायला पंधरा वर्षे झगडावे लागले.

आपला कायदा काय सांगतो?

भोपाळची १९८४ ची दुर्घटना झाल्यावर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखानदाराला विमा सक्तीचा झाला. टाकी फुटली, वायू सुटला आणि माणूस, जनावर किंवा पीक यांचे नुकसान झाले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कारखान्याची चूक तुम्हाला सिद्ध करावी लागत नाही. अर्जाची मुदत मात्र घटनेपासून पाच वर्षांची आहे. मूळ कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीला ६,००० रुपयांपर्यंतच मदत होती. पुढे कायदा आणि नियम बदलले. म्हणून आजची रक्कम जिल्हाधिकारी कचेरीत विचारून घ्यावी. ही मदत घेतली म्हणून जादा भरपाई मागण्याचा हक्क जात नाही.

रोज ओढ्यात सुटणारे सांडपाणी बहुधा या कायद्यात बसत नाही. त्यासाठी २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झाले असून त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तिथेही भरपाईच्या अर्जाची मुदत पाच वर्षांचीच आहे.

कायदा असला म्हणजे विमा आपोआप उतरतो, असे मात्र समजू नका. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने भोपाळच्या सुमारे एक लाख लोकांसाठी वैद्यकीय विमा काढण्यास सरकारला सांगितले होते. तो काढलाच नव्हता, हे २०२३ च्या निकालात पुढे आले. म्हणून कारखान्याने विमा घेतला का, कोणत्या वर्षी घेतला, हे आपणच विचारले पाहिजे.

आपण काय करावे?

पहिले काम, पाणी चांगले असतानाच ते तपासून घ्या. मोटर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावी, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा खळखळून धुवावी, भरून तारीख घालावी आणि प्रयोगशाळेत द्यावी. क्षारता ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर पाणी निर्धोक असते. ३ च्या वर गेली तर बहुतेक पिकांना ते जड जाते. हा अहवाल जपून ठेवा. पूर्वी पाणी चांगले होते, याचा हाच पुरावा आहे.

दुसरे, पाणी बिघडले त्याच दिवशी वहीत तारीख लिहा. तलाठी आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पंचनामा मागा आणि पोच घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला अर्ज देऊन त्यांच्या माणसाकडून आपल्यासमोर नमुना घ्यायला लावा.

तिसरे, माहितीच्या अधिकारात मंडळाला आणि जिल्हाधिकारी कचेरीला विचारा की या कारखान्याचा १९९१ च्या कायद्याखालचा विमा कोणत्या कंपनीचा, पॉलिसी क्रमांक काय आणि मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे. एकट्याने विचारण्यापेक्षा ओढ्याकाठच्या दहा जणांनी मिळून विचारावे.

अण्णांच्या घरी मी नंतर एकदा गेलो होतो. माळवदावरची ट्रंक त्यांनी माझ्यापुढे उघडली. आत सातबारा, सोसायटीच्या पावत्या आणि लग्नाची पत्रिका होती. तळाशी माती-पाणी तपासणीचा एक अहवाल निघाला. बाग लावताना काढलेला, सही-शिक्क्याचा, पाणी उत्तम असल्याचा. कागद पक्का होता, पण पाच वर्षांची मुदत उलटून गेली होती.

तुमची मुदत अजून उलटलेली नसेल. आज संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर ट्रंक उघडून बघा.