लोण्याचा मुक्काम

साताऱ्याजवळच्या आमच्या जुन्या घरी माजघरातल्या खांबाला रवी बांधलेली असे. आजी पहाटे डेऱ्यात आदल्या दिवशीचं दही ओतायची, तांब्याभर पाणी घालायची आणि दोरीला हात घालायची. मी अंथरुणातूनच ऐकत असे. सुरुवातीला आवाज मोकळा, खळखळता यायचा. हळूहळू तो जड व्हायचा आणि मग डेऱ्यातून थप् थप् असा ओला आवाज येऊ लागायचा. आजी तिथेच थांबायची. आत डोकावण्याआधीच तिला कळलेलं असायचं, लोणी आलं. थंडीत ती मध्येच कोमट पाण्याचा हबका मारायची, उन्हाळ्यात माठातल्या गार पाण्याचा. रवीला चिकटलेले दाणे बोटांनी निपटून घ्यायची, गोळा एकत्र करायची आणि तीनदा पाणी बदलून धुवायची. त्यातला लिंबाएवढा गोळा माझ्या भाकरीवर यायचा. बाकीचा पाण्यात बुडवून ठेवलेला असे; दोन-तीन दिवसांचा जमला की कढईत जायचा.

तो कढईत जाणारा गोळा हाच या लेखाचा विषय आहे. मराठी घरात लोणी हा पदार्थाचा शेवट कधीच नव्हता. दही आणि तूप यांच्या मधला तो एक मुक्काम होता, एका रात्रीचा, फार तर तीन दिवसांचा. थालीपीठ, धपाटे, ज्वारीची भाकरी, बाळकृष्णाचा नैवेद्य, एवढ्यापुरतं ते ताटात यायचं. रोजच्या वरणभातावर, पोळीवर, दिवाळीच्या फराळात असायचं ते तूप. आज त्याच स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारात पिवळी वडी वर्षभर बसलेली असते आणि मुलं ओव्हनमध्ये केक करतात. मुक्काम कायमचा झाला, पण त्या पाहुण्याची नीट ओळख करून घ्यायची राहिली, असं मला वाटतं.

ओळख सुरू होते ती डेऱ्यातल्या आवाजापासून. दुधात स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म गोलक तरंगत असतात. प्रत्येक गोलकाभोवती पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. घुसळताना हे आवरण फुटतं आणि उघडे पडलेले गोलक एकमेकांना चिकटत जातात. पण चिकटायला ते अर्धे घट्ट, अर्धे मऊ असावे लागतात. फार गार असले तर कडक गोळ्यांसारखे आपटत राहतात. फार गरम झाले तर विरघळून नुसता तेलकट तवंग येतो. डेअरीत क्रीम साधारण १० ते १४ अंश सेल्सिअसला घुसळतात ते याचसाठी. आजीकडे तापमापक नव्हता, तिच्याकडे कोमट आणि गार पाण्याचा हबका होता. आवाज बदलतो तेव्हा आत सगळं उलटंपालटं झालेलं असतं. आधी पाण्यात स्निग्धांश तरंगत होता, आता स्निग्धांशात पाण्याचे थेंब अडकलेले असतात. लोण्यात पाणी असतं, ही साधी गोष्ट नीट लक्षात ठेवली तर स्वयंपाकातल्या निम्म्या चुका टळतात.

पाणी असतं म्हणूनच ते टिकत नाही. आपल्या हवेत धुतलेलं लोणीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास धरतं. कढवलं की पाणी उडून जातं, दुधाचा घन भाग बेरी होऊन तळाला बसतो आणि उरतं ते महिनोन्‌महिने टिकणारं तूप. थंड युरोपात लोणी लोणी म्हणूनच राहू शकलं. आपल्याकडे त्याला तूप होणं भाग होतं. आपल्या जुन्या वैद्यकाने मात्र दोघांना स्वतंत्र मान दिला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त दूध, दही, ताक यांच्याप्रमाणेच नवनीताचा वेगळा वर्ग आहे आणि घृताचा वेगळा. दोन वस्तू, दोन गुण.

मग ही पिवळी वडी आली कुठून? त्याची मोठी गोष्ट गुजरातेतल्या आणंदला घडली, पण तिचं गिऱ्हाईक होतं मुंबईकर. पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी गृहस्थांनी कॉफीच्या धंद्यातून 'पॉलसन' हे नाव मोठं केलं आणि १९३० मध्ये आणंदला डेअरी काढली. मुंबईत पॉलसनचं लोणी इतकं रुळलं की खुशामत करण्याला 'पॉलसन लावणं' म्हणू लागले. त्याच पॉलसनला दूध घालणाऱ्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी रास्त भाव मिळत नाही म्हणून १९४६ मध्ये दूध बंद केलं. त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली त्यांचा सहकारी संघ उभा राहिला आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्याची नोंदणी झाली. हाच पुढे अमूल झाला. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन झालं आणि सहकाराचं लोणी मुंबईच्या बाजारात उतरलं.

ते आधी चाललं नाही. अमूलची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी आत्मचरित्रात याचं कारण मोकळेपणाने सांगितलं आहे. पॉलसन आंबलेल्या क्रीमचं लोणी करी, त्यात मीठही भरपूर असे. अमूलचं लोणी ताज्या क्रीमचं होतं, शिवाय म्हशीच्या दुधाचं असल्यामुळे पांढरंफटक. लोकांना ते मिळमिळीत लागलं. अखेर मीठ वाढवलं, रंग घातला, तेव्हा खप वाढला. या गोष्टीतून लोक सहसा जाहिरातीचा धडा काढतात. मला त्यात चवीचा धडा दिसतो. घरोघरचं लोणी विरजलेल्या दह्याचंच होतं. दही लावताना जिवाणू जो आंबूस सुगंध तयार करतात, त्यातूनच लोण्याचा वास येतो. मुंबईकरांच्या जिभेला ती ओळख आधीपासून होती, म्हणून ताज्या क्रीमचं लोणी त्यांना अपुरं वाटलं असावं, हा माझा तर्क.

रंगाचं कारणही सोपं आहे. गाय चाऱ्यातलं कॅरोटीन काही प्रमाणात तसंच दुधात उतरवते, म्हणून गाईचं लोणी पिवळसर. म्हैस त्याचं जीवनसत्त्व 'अ' मध्ये रूपांतर करते, म्हणून तिचं लोणी पांढरं. पांढरं लोणी म्हणजे कमी कसाचं, असं मुळीच नाही.

लोण्याच्या स्निग्धांशाचा आणखी एक प्रवास फारसा कुणाच्या लक्षात नसतो. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा युरोपात साठून राहिलेली १ लाख २६ हजार टन दूधभुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला देणगी म्हणून मिळायचं ठरलं. भुकटी आणि बटर ऑइल एकत्र करून चार महानगरांना दूध पुरवायचं आणि त्या पैशातून डेअऱ्या उभ्या करायच्या, अशी ती योजना. मुंबई त्या चारांत होती. सत्तरच्या दशकातल्या मुंबईकराच्या चहात युरोपातल्या गाईंचा थोडा स्निग्धांश होता.

भाषेतही लोण्याचे मुक्काम अनेक झाले. घरी घुसळलेलं ते लोणी, वेष्टनातलं ते बटर, इराण्याकडे पावाला फासलेला तो मस्का. बेकरीत खारी आणि टोस्टच्या शेजारी चहात बुडवायचा जो कडक 'बटर' मिळतो त्यात तर बहुधा वनस्पती तूपच असतं. एकाच वस्तूला इतकी नावं पडल्यामुळे लोणी आणि बटर वेगळे आहेत असा समज पक्का झाला. मुळात ते एकच. फरक फक्त पाणी, मीठ आणि आंबटपणा यांचा. टेबल बटरमध्ये कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो, पाणी साधारण १६ टक्के असतं आणि मीठ दोन-अडीच टक्के. घरच्या लोण्यात मीठ नसतं, पाणी मात्र बरंच जास्त असू शकतं.

हे मला एका केकने शिकवलं. घरी ओव्हन आला त्या वर्षी हौसेने घरच्या लोण्याचा केक केला. कृतीबरहुकूम वजन केलं, साखर घालून फेसलं. मिश्रण फाटलं. केक वरून छान फुलला, पण कापला तर तळाशी बोटभर जाडीचा दडस थर. नंतर त्याच लोण्यातलं उरलेलं १०० ग्रॅम कढवून पाहिलं, तूप निघालं जेमतेम ७० ग्रॅम. पाणीच पाणी होतं त्यात. तेव्हापासून बेकिंगसाठी घरचं लोणी घ्यायचं तर मी ते शेवटच्या धुण्याला बर्फाच्या पाण्यात धुते, ताटात घेऊन उलथन्याने दाबून दाबून पाणी काढते, मग स्वच्छ फडक्यात घट्ट करते. एकदा आपल्या लोण्यातलं १०० ग्रॅम कढवून मोजून ठेवावं. अंदाज कायमचा येतो. बाजारचं घ्यायचं तर बिनमिठाचं घ्यावं. मिठाचंच असेल तर कृतीतलं मीठ वगळावं, कारण १०० ग्रॅममध्ये दोन ग्रॅमच्या वर मीठ आधीच आहे. आणि बटरऐवजी तूप वापरायचं असेल तर १०० ग्रॅमला ८० ग्रॅम तूप आणि तीन चमचे दूध, हा हिशोब चुकत नाही.

दुसरी अडचण हवेची. लोणी-साखर फेसायची ती त्यात हवा भरण्यासाठी. साखरेचे कण लोण्यात शिरताना बारीक पोकळ्या करतात आणि भट्टीत त्याच फुगतात. हे १८ ते २१ अंशांना जमतं. परदेशी पुस्तकातलं 'खोलीच्या तापमानाचं बटर' हे त्यांच्या खोलीचं असतं. मे महिन्यातल्या पुण्यात ३५ अंशांना ते ओघळतं, हवा धरत नाही, आणि बिस्किटं ट्रेमध्ये पसरून पोळ्या होतात. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत फेसायला घ्यावं, बोट दाबलं की खळगा पडावा पण बोट घसरू नये.

या सगळ्यात आपल्याला नवं काहीच नाही, हे मला करंजीचा साटा करताना जाणवतं. आजी परातीत थिजलेलं तूप घेऊन तळहाताने गोल गोल फेसायची. पिवळसर तूप पांढरं, हलकं व्हायचं. मग वाटीतल्या पाण्यात त्याचा थेंब टाकायची; थेंब अलगद तरंगला की फेसणं पुरे. मग त्यात तांदळाची पिठी. तो साटा पातळ पोळ्यांना लावायचा, पोळ्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करून लाट्या कापायच्या. तळताना करंजीला जे पापुद्रे सुटतात ते याच थरांचे. फ्रान्समधला क्रोसाँ करणारा याच तत्त्वावर काम करतो, फक्त तो बटर घेतो. भट्टीत त्या बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि थर उचलते. आपण तळतो, तिथे पिठातलं पाणी वाफेचं काम करतं आणि तुपाने थर वेगळे ठेवायचे असतात. साट्यात पाणी आलं तर पीठ पिठाला चिकटतं आणि पापुद्रा बसतो. म्हणून साट्याला तूप. दिवाळीची गार पहाटही त्या कामाला मदत करते. वैशाखात तूप परातीत थिजून राहतच नाही.

चकलीत मात्र लोणी शोभतं. भाजणीत मोहन म्हणून तेलाऐवजी लोणी घातलं तर चकली खुसखुशीत होते आणि दुधाच्या घन भागामुळे रंग खमंग येतो. हात आवरता घ्यावा. लोणी जास्त झालं तर चकली तेलात विरते.

तव्यावरचा नियमही पाण्याचा आणि घन भागाचाच. लोणी तापलं की आधी चुरचुरतं, ते पाणी उडतं. मग शांत होतं. नंतर घन भाग तांबूस होतो आणि दीडशे अंशांच्या आसपास करपू लागतो. म्हणून पावभाजीचा पाव लोण्यात मंद आचेवर शेकावा, पण फोडणी लोण्यात करू नये. फोडणीला तूप, ते अडीचशे अंशांपर्यंत सोसतं.

तो घन भाग तांबूस होण्याचा क्षण हीच सगळ्यात मोलाची जागा. दुधातली प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी संयोग पावतात आणि भाजलेल्या बदामासारखा वास सुटतो. फ्रेंच बल्लव या टप्प्यावरच्या लोण्याला खास नाव देतात आणि ते माशावर, केकमध्ये घालतात. आपल्याकडे तीच बेरी. लहानपणी कढईला चिकटलेली बेरी आम्ही साखर घालून खरवडून खायचो. आज अनेक घरांत ती कढईबरोबर धुतली जाते. तूप कढवताना बेरी बदामी झाली की गॅस बंद करा, वाटीभर तूप बेरीसकट बाजूला काढा आणि थिजल्यावर नानकटाईत घाला. पिस्ते-वेलचीची गरजच उरत नाही, इतकी ती चव भरीव असते.

विकत घेताना वेष्टन वाचा. 'बटर' आणि 'फॅट स्प्रेड' किंवा 'मार्गारीन' एकाच फळीवर, सारख्याच पिवळ्या रंगात ठेवलेले असतात. पहिल्यात फक्त दुधाचा स्निग्धांश असतो, दुसऱ्यांत बहुतेक वेळा वनस्पती तेलं. आणि कितीही आवडलं तरी लोण्याच्या वजनात जवळपास निम्मी संपृक्त चरबी आहे. रोजच्या भाकरीवर एक चमचा पुरे.

आता सायीविषयी. टोन्ड दुधात ३ टक्केच स्निग्धांश असतो, शिवाय ते बऱ्याचदा एकजीव केलेलं असतं, म्हणून त्यावर साय धरत नाही. फुल क्रीममध्ये ६ टक्के असतो. रोज लिटरभर घेणाऱ्या घरात आठवड्याला ४२० ग्रॅम स्निग्धांश येतो. त्यातला निम्मा जरी सायीत हाती लागला तरी पाव किलोच्या वर लोणी होतं. साय फ्रिजमध्ये साठवा, सातव्या दिवशी बाहेर काढून चमचाभर ताक घालून विरजा, दुसऱ्या दिवशी सकाळी गार पाणी घालून घुसळा. मिक्सरमध्ये केलंत तरी चालेल, फक्त झाकणापाशी कान ठेवा. आवाज जड झाला की थांबायचं.