शिडाची होडी, आपल्या हातांनी (लेखांक ६) : क्लीटखालची चार भोकं

मागच्या आठवड्यात डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा तपासल्या. आज डेकवरचा क्लीट बदलू. क्लीट म्हणजे दोर गुंडाळून अडकवायचा दोन शिंगांचा धातूचा खुंटा. चार बोल्ट सोडले, जुना काढला, नवा बसवला की झालं, असं मलाही एकेकाळी वाटायचं. पण खरं काम क्लीटचं नसतंच, त्याच्या खालच्या चार भोकांचं असतं.

उदाहरणाला जे-२४ घेऊ. रॉड जॉन्स्टन यांनी अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजमध्ये तिचा पहिला नमुना बांधला. १९७७पासून ती कारखान्यात तयार होऊ लागली. पाच हजारांहून जास्त बनल्या, मुंबई बंदरातही दिसतात. चोवीस फुटांच्या या होडीचा डेक पुरणपोळीसारखा आहे : वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि पोटात बाल्साचं लाकूड. त्यामुळे डेक हलका राहतो आणि पायाखाली लवत नाही. मात्र बोल्टसाठी पाडलेलं प्रत्येक भोक या लाकडातून आरपार जातं.

वर्षानुवर्षं दोर क्लीटला हिसके देतो, भोकातलं सीलंट सुटतं, केसाएवढी फट पडते. तिथून पाणी बाल्सात शिरतं आणि वाळायला त्याला वाटच नसते. लाकूड कुजून चहात बुडवलेल्या पावासारखं होतं, वरचा थर मात्र चकचकीतच. म्हणून आधी डेक वाजवून पाहा. मडकं घेताना वाजवतो तसंच. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ठोका : टणक आवाज आला तर लाकूड धड, बद्द आला तर आत ओल.

माझ्या होडीत झोपायच्या फळीवर थेंब पडू लागले, तेव्हा मी क्लीटच्या कडेने सिलिकॉन फिरवलं. थेंब थांबले. पुढच्या वर्षी बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी आलं. गळती थांबली नव्हती, पाणी सगळं लाकडाने प्यायलं होतं. त्यात सिलिकॉनचा तेलकट थर राहिला की त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. डेकवर सिलिकॉन वापरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

बोल्ट सोडायला दोघं लागतात, एक वर आणि एक केबिनमध्ये पाना धरून. जुने बोल्ट नीट बघा. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा थर टिकायला प्राणवायू लागतो. भोकातल्या कोंडलेल्या ओलीत तो मिळत नाही, म्हणून डोकं लखलखीत असलेला बोल्ट मधे खाल्लेला निघतो. नवे बोल्ट ३१६ प्रतीचेच घ्या.

आता भोक. सहा मिलिमीटरचं भोक वरून बारा मिलिमीटरचं करा, पण खालचा थर शाबूत ठेवा. आतला ओला भुसा उकरून काढा आणि पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते. मग खालून चिकटपट्टी लावा, आधी पातळ इपॉक्सीने लाकूड भिजवा आणि नंतर सिलिका पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी ठासून भरा. एप्रिलच्या उकाड्यात खोल पेल्यात ढवळलेलं इपॉक्सी तापून भराभर आवळतं, तेव्हा थोडं थोडं, पसरट भांड्यात कालवा. पावसाळी दमट हवेत मात्र हे काम नको, इपॉक्सीवर मेणचट साय धरते.

दुसऱ्या दिवशी घट्ट झालेल्या त्या इपॉक्सीच्या खुंटीतून पुन्हा सहा मिलिमीटरचं भोक पाडा. आता बोल्टला लाकडाचा स्पर्शच नाही. पुढे कधी गळलंच, तर पाणी थेट केबिनमध्ये पडेल आणि तुम्हाला दिसेल.

भोकाचं वरचं तोंड थोडं उतरतं करा. बोल्टच्या मानेभोवती ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, गुंडाळला की दाबल्यावर तो त्या खळग्यात कडं धरून बसतो. आवळताना खालची नट फिरवा. वरचा बोल्ट फिरवला तर ते कडं फाटतं. एकदम आवळू नका. ब्यूटिल हळूहळू कडेने बाहेर येतं, म्हणून दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं. नटखाली नुसते वायसर पुरत नाहीत, क्लीटपेक्षा मोठी जाड पट्टी हवीच, नाहीतर एखाद्या जोराच्या हिसक्याला डेकच तडकतो.

शेवटी एकाने वरून पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारावं, दुसऱ्याने खाली टॉर्च घेऊन चारही नटांवर कोरडं बोट फिरवत राहावं. बोट कोरडं राहिलं तर पुढच्या आठवड्यात दोर ताणायच्या विंचकडे वळू.